सोसायटीतल्या मोठ्या झाडांना मुळाशी खत कसं द्यायचं

आवारातलं वीस-पंचवीस वर्षांचं झाड विरळ व्हायला लागलं, शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागल्या, की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. माळी बुंध्याला लागून फूटभर रुंदीचं आळं करतो, त्यात दोन घमेली शेणखत टाकतो, वरून पाइप सोडतो आणि बुंध्याला गेरू-चुना मारून मोकळा होतो. झाडाला यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. उलट ओलं खत सालीला टेकून राहिलं तर बुंध्याची साल कुजायला सुरुवात होते.

बुंध्याजवळ असतात ती जाड, लाकडी मुळं. झाडाला धरून ठेवणं आणि लांबून आलेलं पाणी वर पोचवणं हे त्यांचं काम. अन्नपाणी शोषून घेणारी बारीक, पांढरी मुळं त्यांच्या टोकांना फुटतात, म्हणजे फांद्यांच्या कडेखाली आणि तिच्याही बरंच पलीकडे. ‘झाडाचं मूळ पाताळात गेलंय’ असं आपण म्हणतो खरं, पण खाणारी मुळं बहुतेक वरच्या एक-दीड फुटातच असतात, कारण मुळांना श्वास घ्यायला हवा लागते आणि हवा तेवढ्याच थरात खेळते. आवारात नेमका हाच थर गाड्या, पेव्हर ब्लॉक आणि बांधकामाच्या राड्यारोड्याने दाबून टाकलेला असतो. शहरातलं झाड उपाशी असतं त्यापेक्षा घुसमटलेलं जास्त असतं. म्हणून पुढे सांगितलेल्या कामात, म्हणजे झाडाखालच्या जमिनीत भोकं पाडून त्यांत खत भरण्यात, भोकात काय भरायचं याला जेवढं महत्त्व आहे, त्याहून जास्त ते भोक पाडण्याला आहे.

आधी झाड नीट बघा

पानं पिवळी पडली की लगेच युरियाची पिशवी फोडू नका. कुठली पानं पिवळी आहेत आणि कशी, ते बघा. फांदीच्या बुडाकडची जुनी पानं सरसकट फिकी पिवळी होऊन गळत असतील आणि नवी पालवी बारीक येत असेल, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाशाची (पोटॅशची) कमतरता असू शकते. पण बोअरचं खारं पाणी सतत दिलं तरी कडा अशाच करपतात, तेव्हा आधी पाणी तपासा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, असं चित्र असेल तर लोह मिळत नाहीये. पुणे, सोलापूर, नगर पट्ट्यातल्या चुनखडीच्या जमिनीत सोनचाफा आणि बॉटल ब्रश यांच्यावर हे हमखास दिसतं. आणि सगळंच झाड मलूल, पानं पिवळी, खाली जमीन कायम ओली, असं असेल तर खताचा प्रश्नच नाही. मुळं पाण्यात गुदमरली आहेत, पाणी तोडा.

दुसरी खूण म्हणजे फांदीची वाढ. नव्या वाढीची साल जुनीपेक्षा वेगळ्या रंगाची असते आणि दोन्हींच्या मधे सांधा दिसतो. चार बाजूंच्या चार फांद्यांवर तो सांधा शोधून तिथपासून शेंड्यापर्यंत मोजा आणि सांध्यावर ऑइलपेंटचा ठिपका द्या. पुढच्या वर्षी खताचा उपयोग झाला की नाही, ते यावरूनच कळेल.

माती परीक्षण करून घेतलं तर निम्मे अंदाज बांधायची गरजच राहत नाही. सावलीच्या कडेजवळ पाच-सहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून एक फूट खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवा आणि कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना हे चार आकडे मागून घ्या. सामू आठच्या वर आणि चुना भरपूर असेल तर लोह, जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाही. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कंपोस्ट हेच पहिलं खत. क्षारता एक डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर कुठलंही रासायनिक खत घालण्याआधी पाण्याचा बंदोबस्त बघा.

कधी करायचं

आपल्याकडे दोन वेळा चांगल्या. पहिली, पावसाळा संपता संपता, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जमिनीला वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी झाली की. माती ओलसर असते, ऊब असते, मुळं जोरात फुटत असतात. दुसरी, जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. कोकण-गोव्यात मात्र जून-जुलै टाळा. जांभ्या जमिनीत पाणी इतक्या वेगाने खाली जातं की नत्र आणि पालाश मुळांनी उचलायच्या आत धुऊन जातं. तिथे ऑक्टोबरच बरा.

वाफशाची अट काळ्या मातीत फार महत्त्वाची. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. गोळा फुटला तर काम सुरू करा. तो चपटा होऊन तसाच राहिला तर चार दिवस थांबा. ओल्या चिकणमातीत ऑगर (भोक पाडायचं गिरमिट) फिरवला की भोकाची भिंत घासून गुळगुळीत होते, त्या भिंतीतून ना पाणी झिरपत ना मूळ शिरत, आणि भरलेलं खत आतल्या आत आंबतं. उलट एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखी असते, झाड आधीच ताणात असतं. तेव्हा फक्त पाणी द्या, खत नाही.

मोजमाप

समजा झाडाच्या फांद्यांचा पसारा १० मीटर आहे, म्हणजे बुंध्यापासून सावलीच्या कडेपर्यंत ५ मीटर. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर १५७ सेंटिमीटर भरला. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास निघतो ५० सेंटिमीटर. व्यासाच्या तिप्पट, म्हणजे इथे दीड मीटर, एवढ्या अंतरात कुठेही भोक पाडायचं नाही. तिथे झाडाला उभं ठेवणारी मुळं आहेत.

५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ सुमारे ७८ चौरस मीटरचं. आतलं दीड मीटरचं वर्तुळ ७ चौरस मीटरचं. उरले ७१. पण सोसायटीत ते सगळे ७१ मोकळे कुठले? निम्मं पार्किंग, थोडा रस्ता, एक पंपाची खोली. माती दिसते ती ३५ चौरस मीटर. मात्रा या ३५ वर काढायची. पसाऱ्यावरून हिशेब करून सगळं खत उरलेल्या निम्म्या मातीत ओतलं की मात्रा दुप्पट होते आणि मुळं करपतात. सावलीच्या कडेबाहेर मोकळी जमीन असेल तर तीही जमेस धरा, मुळं तिथेही असतात.

मोठ्या झाडांसाठी सावकाश विरघळणाऱ्या खतातून १०० चौरस मीटरला एक किलो नत्र ही मध्यम मात्रा समजा, फार तर दोन. युरियासारख्या झटपट विरघळणाऱ्या खतातून द्यायचं तर तीच निम्मी, अर्धा किलो. म्हणजे आपल्या ३५ चौरस मीटरला सावकाश खतातून ३५० ग्रॅम नत्र.

गांडूळखतात नत्र साधारण सव्वा टक्का, निंबोळी पेंडीत चारच्या आसपास. बॅगेवरचा आकडा बघून घ्या, कंपनीगणिक फरक पडतो. २० किलो गांडूळखतातून २५० ग्रॅम आणि ३ किलो निंबोळी पेंडीतून १२० ग्रॅम, हिशेब तिथेच जुळतो. बहुतेक झाडांना याहून जास्त लागत नाही, युरिया तर लागतच नाही. माती परीक्षणात नत्र अगदीच कमी आलं असेल तरच यातली पेंड कमी करून दीडशे ग्रॅम युरिया त्या जागी मिसळा. तो सगळ्या भोकांत वाटला की प्रत्येकी चमचाभरसुद्धा येत नाही, आणि तेवढाच हवा.

शेंगावर्गीय झाडांचं गणित निराळं. पर्जन्यवृक्ष, शिरीष, करंज यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. त्यांना पेंड निम्मी पुरे. पर्जन्यवृक्षाला नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालवी फुटते आणि तिच्यावर पिठ्या ढेकूण तुटून पडतो. मुंबईत रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष ज्या किडीने खंगले, ती हीच. गुलमोहरही शेंगावाला आहे म्हणून त्याला यात धरू नका, त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

भोकं पाडणं

काम सुरू करायच्या आधी जमिनीखालून काय गेलंय ते कागदावर बघा: विजेची केबल, गॅसची पाइपलाइन, ड्रेनेज, पाण्याची लाइन. सोसायटीकडे नकाशा नसेल तर जुन्या प्लंबरला आणि वायरमनला उभं करून फक्कीने रेषा मारून घ्या. गॅसच्या लाइनजवळ ऑगर किंवा पहार चालवायचीच नाही. त्या पट्ट्यात नुसतं खत पसरून वर पालापाचोळा टाका. खाली पार्किंगचा स्लॅब असलेल्या पोडियमच्या बागेत २० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटलं तर खतापेक्षा दुरुस्तीचा खर्च मोठा होईल.

मोकळ्या जागेत अडीच-अडीच फुटांवर फक्कीचे ठिपके द्या. एका ओळीतले ठिपके दुसऱ्या ओळीतल्या ठिपक्यांच्या मधे येतील असे. ३५ चौरस मीटरमध्ये साठ-बासष्ट भोकं बसतात. तीन इंची पात्याचा हाताचा ऑगर मऊ जमिनीत पुरतो. मुरमाच्या भरावात किंवा दाबलेल्या मातीत पेट्रोलवर चालणारा अर्थ ऑगर भाड्याने आणा. दोन माणसं अर्ध्या दिवसात एवढं काम आटोपतात. नुसती पहार ठोकून केलेलं भोक चालतं, पण पहार माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबते. आधीच दाबलेली जमीन आणखी घट्ट होते. पहारच वापरायची तर भोक पाडून ती गोल फिरवून हलवा, कडा मोकळ्या होऊ द्या.

खोली एक फूट पुरे. दोन-तीन फूट खोल गेलात तर खत खाणाऱ्या मुळांच्या खाली जाऊन पडतं. ऑगर कशाला तरी टणक अडला आणि आवाज बद्द आला तर ते मूळ आहे. जोर लावू नका, वीतभर सरकून दुसरं भोक घ्या. अंगठ्याएवढं जाड मूळ तुटणं म्हणजे त्या बाजूच्या एका फांदीचं पाणी तोडणं. कायद्यानेही हे लक्षात ठेवायला हवं: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडणं या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. झाड रस्त्याकडेचं, महापालिकेचं असेल तर आधी उद्यान विभागाला लेखी कळवा.

पहिली चार-पाच भोकं पाडल्यावर थांबा आणि पात्यावर आलेली माती हातात घ्या. गडद, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची, आणि तिच्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं लोंबत असतील, तर जागा बरोबर आहे. राखाडी-निळसर, चिकट, गटारासारखा किंवा आंबूस वास मारणारी माती आली तर तिथे हवा पोचत नाही, पाणी साचतंय. तिथे भोकं दुप्पट करा आणि त्यात पेंड अजिबात न घालता जाड वाळू जास्त भरा. विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, सिमेंटचे खडे वर आले तर झाडाखाली राडारोडा पुरलाय. सिमेंटमधल्या चुन्याने तिथला सामू चढलेला असतो. लोह कमी पडण्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

काय भरायचं

वरच्या हिशेबाचं मिश्रण: २० किलो गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, ३ किलो निंबोळी पेंड, दोन घमेली जाड वाळू. वाळू मिळत नसेल तर विटांचा जाडसर चुरा. वाळूचं काम भोक पुन्हा बसू न देण्याचं, म्हणून ती बारीक गिलाव्याची नको, चाळणीवर राहिलेली जाडच हवी. सगळं ताडपत्रीवर कोरडं कालवा. एक लिटरची पाण्याची बाटली वरून कापून माप करा. दर भोकात एक माप. वरचं चारेक बोटं अंतर राहील, ते निघालेल्या मातीने बुजवा. ठासू नका, काठीने हलकं हलवून बसू द्या.

शेणखत वापरायचं तर पुरतं कुजलेलं. अर्धवट कुजलेलं शेणखत भोकात तापतं, मुळं भाजतात, आणि त्याच्या मागोमाग हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येतात. खत कुजलंय का हे ओळखायला ढिगात कोपरापर्यंत हात घाला. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर अजून महिनाभर थांबा. हाडांचा चुरा सोसायटीत वापरूच नका. भटकी कुत्री एका रात्रीत सगळी भोकं उकरून ठेवतात.

जीवामृताचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतील. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून हलवत राहायचं आणि आठवड्याच्या आत वापरायचं. भोकांवर लिटर-लिटर ओतायला काही हरकत नाही, जिवाणूंना चालना मिळते. पण त्यात झाडाला पुरेल इतकं नत्र-पालाश नसतं. ते खताच्या जागी नको, खतावर द्या.

पाणी

भोकं भरून झाली की त्याच दिवशी पाणी. प्रत्येक भोकावर दोन लिटर झारीने, मग सगळ्या मोकळ्या जागेवर पाइप बारीक सोडून हळूहळू. ३५ चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पावसाएवढं पाणी म्हणजे जवळजवळ ९०० लिटर. हा आकडा ऐकून माळी दचकतो, कारण रोजच्या फवाऱ्यात त्याचा दहावा भागही जात नाही. रोज वरवर शिंपडलेलं पाणी दोन बोटं खोल जातं आणि मुळंही तिथेच वर येतात. मोठ्या झाडाला ऑक्टोबर ते मे आठ-पंधरा दिवसांनी एकदाच, पण फूटभर माती भिजेल इतकं पाणी द्यावं. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई दाबून बघा, ती जिथपर्यंत सहज जाते तिथपर्यंत ओल पोचली.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी बागेला वापरत असाल तर दोन गोष्टी. त्यात नत्र आधीच असतं, म्हणून पेंड निम्मी करा. आणि क्षार असतात, म्हणून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने जमीन भरपूर भिजवून ते खाली उतरवा.

पेव्हर आणि काँक्रीट

बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आलेले असतील तर खताआधी ते काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पण मोठ्या झाडाला एक मीटर म्हणजे फक्त बुंध्याला श्वास. जमेल तिथे दोन-तीन मीटर मोकळं करा. ब्रेकर लावून फोडू नका, खालची मुळं चिरडतात. ब्लॉक हाताने उचला, काँक्रीट कटरने चौकोन कापून छिन्नीने सुटं करा. खालची खडी-ग्रिट पंजाने ओढून काढा, फावड्याने नाही. बुंधा भरावात गाडला गेला असेल, म्हणजे खांबासारखा सरळ जमिनीत शिरलेला दिसत असेल आणि मुळांचा फुगवटा दिसत नसेल, तर तो फुगवटा उघडा पडेपर्यंत माती हाताने काढा.

पार्किंगच्या ब्लॉकखाली खत द्यायचंच असेल तर एक युक्ती आहे. अडीच-तीन फुटांवर एकेक ब्लॉक उचला, त्या जागी भोक पाडून नेहमीचं मिश्रण भरा, वर जाड खडीचा थर द्या आणि ब्लॉक परत न बसवता भोकं असलेला जाळीचा ब्लॉक बसवा. पावसाचं पाणी आणि हवा आत जायला ती कायमची वाट होते.

जमीन फारच घट्ट असेल आणि जागा मोकळी असेल तर भोकांऐवजी चर घ्या. बुंध्यापासून दीड-दोन मीटर सोडून सावलीच्या कडेपर्यंत बाहेर जाणारे, चाकाच्या आऱ्यांसारखे चार ते सहा चर, वीतभर रुंद, फूटभर खोल. आंब्याला बांगडी पद्धतीने गोल चर घेतात तसा इथे घेऊ नका. तो चर सगळ्या बाजूंची मुळं एकदमच आडवी कापतो.

पंपाने मुळाशी

एचटीपी पंपाला (जास्त दाबाच्या फवारणी पंपाला) टोकदार नळी जोडून द्रवरूप खत जमिनीत सोडायची पद्धत काही बाग-ठेकेदार वापरतात. काम झपाट्याने होतं, हिरवळ खणावी लागत नाही, आणि दाबाने माती थोडी फुटून मोकळीही होते. दाब चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या आसपास, नळी २० ते २५ सेंटिमीटर खोल, अडीच फुटांवर एक टोचणी, दर टोचणीला दोन लिटर. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला ३ ग्रॅमच्या पुढे नको. पाणी शेजारच्या भोकातून उसळून बाहेर यायला लागलं की दाब कमी करा, नाहीतर खत गटारात जातंय. द्रवरूप खत लगेच लागू पडतं आणि लगेच संपतं, त्यात कर्ब नसतो. दाबलेल्या, निर्जीव मातीत ऑगरची भोकं आणि कंपोस्ट हेच उजवं.

लोहाची कमतरता दिसणाऱ्या झाडाला मात्र ही पद्धत सोयीची. चुनखडीच्या जमिनीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर ते काही दिवसांत मातीत बांधलं जातं. बाजारात मिळणारं ईडीटीए चिलेटही (लोह मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं खत) सामू सातच्या वर गेला की टिकत नाही. अशा जमिनीला ईडीडीएचए चिलेटच लागतं. गडद लाल रंगाचं असतं आणि महाग असतं. मध्यम झाडाला ५० ते १०० ग्रॅम, शंभरेक लिटर पाण्यात विरघळवून टोचण्यांत वाटून द्या. नवी पालवी फुटायच्या आधी दिलं तर फरक लवकर दिसतो. जुन्या पिवळ्या पानांवर नजर ठेवू नका, नवी पानं बघा. स्वस्तात करायचं तर हिराकस कुजलेल्या शेणखतात दोन-तीन आठवडे मुरवून ते भोकात भरा, सोबत दर भोकाला २० ग्रॅम गंधक. सगळ्या जमिनीचा सामू उतरवणं शक्य नाही, पण भोकाभोवतीची वीतभर माती सुधारली तरी मुळं तिथून लोह उचलतात.

काय बिघडतं

खत दिल्यावर आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा आणि टोकं करपली तर मात्रा जास्त झालीय किंवा पाणी कमी पडलंय. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकला, पाणी साचू मात्र देऊ नका. भोकांवर गवत गर्द हिरवं आणि झाड जैसे थे, असं दिसलं तर खत फार वर राहिलंय, गवताने खाल्लं. महिनाभराने भोकं खचली तर कंपोस्ट कच्चं होतं किंवा वाळू कमी. वरून वाळू-कंपोस्ट भरून घ्या, नाहीतर कुणाचा तरी पाय मुरगळेल.

काही झाडांना खत द्यायचंच नाही. बुंध्याशी छत्रीसारखी किंवा फळीसारखी अळंबी आली असेल तर आतून मूळ किंवा खोड कुजतंय. खताने फांद्यांचं वजन वाढेल, आधार मात्र वाढणार नाही. आधी जाणकाराकडून झाड सुरक्षित आहे का ते बघून घ्या. रस्ता-ड्रेनेजच्या कामात नुकतीच मुळं कापली गेली असतील, किंवा झाड पुनर्रोपण केलेलं असेल, तर वर्षभर नत्र नको. पाणी आणि पालापाचोळ्याचं आच्छादन एवढंच. मुळं कमी आणि पालवी जास्त झाली की उन्हाळ्यात झाड कोसळतं. बुंध्यात भोकं, भुसा, डिंक दिसत असेल तर तो खोडकिडा, त्याचा इलाज वेगळा.

पाला फेकू नका

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतून पोत्यांनी पाला बाहेर जातो किंवा कोपऱ्यात जाळला जातो. झाडाने वर्षभर मातीतून उचललेलं सगळं त्या पानांत असतं. तो पाला झाडाखाली पसरला, बुंध्यापासून वीतभर सोडून दोन-तीन इंच जाड, तर पुढच्या खेपेला भोकांची गरज कमी होते. आच्छादनाखाली जमीन थंड राहते, गांडुळं वर येतात, माती आपोआप सैल होते. जाड, चिवट पानं, बदामाची किंवा वडाची, हाताने चुरा किंवा श्रेडरमधून काढा, नाहीतर वाऱ्याने उडतात. साप येईल ही तक्रार हमखास येते, म्हणून ढीग करू नका, पातळ पसरा, वर माती किंवा कंपोस्टचा हलका थर द्या. समितीला स्वच्छता दिसायला हवी असेल तर कडेला विटांची ओळ लावा. कचरा कमी आणि वाफा जास्त वाटतो.

हे सगळं दर दोन-तीन वर्षांनी एकदा पुरे. पुढच्या खेपेला फक्कीचे ठिपके जुन्या भोकांच्या मधल्या जागांवर द्या.

नारळ आणि रॉयल पामला वरचा हिशेब लावू नका. त्यांना मुख्य मूळ नसतं. तंतुमुळं बुंध्यापासून दीड-दोन मीटरच्या आतच दाटलेली असतात, म्हणून त्यांना आळंच बरोबर. बुंधा सोडून सहा फुटांपर्यंतच्या पट्ट्यात खत पसरायचं, वरच्या मातीत हलकं मिसळायचं आणि लगेच पाणी द्यायचं.